गेलेली दुकानं, राहिलेली उधारी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सचिव साहेबांनी मला विषय दिला, ‘आमच्या गावाच्या आठवणी’. वेळ दिला पंधरा मिनिटं. मी म्हटलं, साहेब, माझं गाव वेरूळ. तिथं लेणी चौतीस आहेत. एकेका लेण्याला अर्धं मिनिटसुद्धा यायचं नाही. तेव्हा घाबरू नका, मी लेण्यांवर बोलणार नाही. कैलास लेणं राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या काळातलं, ते आठव्या शतकातलं, ते वरून खाली कोरत आणलं, हे सगळं तुम्हाला गाइड सांगतो. घृष्णेश्वराचं देऊळ अहिल्याबाईंनी पुन्हा बांधलं, मालोजीराजांची गढी आमच्या गावात आहे, हेही तुम्हाला माहीत आहे. मला बोलायचंय ते गावातल्या दुकानांवर. हाटेलांवर. आणि थोडं स्कूटरच्या शोरूमवर. म्हणजे ज्या गोष्टींची पाटी पुरातत्त्व खातं कधी लावणार नाही, त्यांच्यावर.

आणखी एक. शहराला आता आपण छत्रपती संभाजीनगर म्हणतो. पण जुनं काही सांगताना माझ्या तोंडी त्या वेळचं नाव येईल. सांभाळून घ्या.

वेरूळ औरंगाबादपासून साधारण तीस किलोमीटर. आज माणूस चहा प्यायला तिकडे जाऊन येतो. माझ्या लहानपणी मात्र ‘औरंगाबादला जाणं’ हे एक काम असायचं. ते आठ दिवस आधी ठरायचं आणि शेजारचे चार जण काहीतरी आणायला सांगायचे. बाकी वर्षभर जे लागतं ते गावातच मिळायचं. मिळायचं म्हणजे काय, जे गावात मिळतं तेवढंच लागायचं!

किराण्याचं दुकान एकच मोठं, शेटजींचं. नाव सांगत नाही, त्यांची नातवंडं आता शहरात आहेत. दुकानाला पाटी नव्हती. पाटी कशाला हवी? आत शिरलं की रॉकेल, गूळ, तंबाखू आणि नव्या गोणपाटाचा एकत्र वास यायचा. त्या वासावरून डोळे मिटून सांगता आलं असतं की आपण कुठे आहोत. छपराला सुतळीचा गुंडा टांगलेला. त्याचं टोक खाली लोंबायचं. शेटजी कागदाचा पुडा बांधताना मान वर न करता ते टोक अचूक पकडायचे. आजी त्यांच्याकडे ‘अधोलीभर दे’ म्हणायची, ते किलोच्या वजनानं द्यायचे आणि दोघांचा हिशेब जुळायचा. आजोबा तर निजामाच्या हाली रुपयात भाव सांगायचे. हाली रुपया जाऊन कितीतरी वर्षं झाली होती, तरी आजोबांच्या डोक्यात तो चालूच होता.

मी पुढे बँकेत नोकरीला लागलो. चौतीस वर्षं कर्जाच्या टेबलावर काढली. जामीन, तारण, सात-बारा, पगारपत्रक, सगळं तपासून कर्ज द्यायचं आणि तरी बुडायचंच. म्हणून मला शेटजींच्या लाल कापडाच्या वहीचं फार अप्रूप वाटतं. तारण काही नाही, जामीन कोणी नाही. माणूस कोणाचा कोण आणि तंबाखू किती खातो, एवढ्यावर पत ठरायची.

आणि मग १९७२ साल आलं. इथे बसलेल्या ज्येष्ठांना दुष्काळ म्हटलं की वेगळं सांगायला नको. मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. विहिरी आटल्या. ज्यांची शेती होती तेही आणि ज्यांची नव्हती तेही एकाच खडीच्या ढिगावर बसले. आमच्या घरातले आजोबा, वडील, आई, तिघंही कामावर. रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशाला लागायची. कामावर सुकडी मिळायची, ती आई पदरात बांधून आम्हा भावंडांसाठी आणायची. मजुरी मिळायची, पण वेळेवर मिळेलच असं नाही. मोजमाप व्हायचं, हजेरीपट वर जायचा, मग पैसे यायचे. मधल्या दिवसांत चूल कशावर पेटवायची?

शेटजींच्या वहीवर. मीठ, मिरची, गोडेतेल, काडेपेटी, चहाची पुडी. त्या वर्षी ते कोणाला ‘मागची बाकी’ म्हणाले नाहीत. वडील एकदा संकोचून म्हणाले, “शेटजी, या हप्त्यालाबी जमंना.” त्यावर ते म्हणाले, “लिहिलंय ना? लिहिलंय म्हणजे गेलं नाही. चला, पुढचा कोण?” एवढंच. त्यांची स्वतःची उधारी औरंगाबादच्या मोंढ्यात वाढत होती, हे आम्हाला फार पुढे कळलं. आमचं खातं वडिलांनी दोन वर्षांनी फेडलं. त्यासाठी दोन शेळ्या गेल्या.

दुकान नव्वदीच्या दशकात बंद झालं. शेटजी गेले, मुलांना शहरात धंदा करायचा होता. ते साहजिकच होतं. माल निघाला, फळ्या निघाल्या, वह्या रद्दीला निघाल्या. मी त्या दिवशी गावात होतो. त्यातली एक वही मी मुलाकडून मागून घेतली. ती आजही माझ्या कपाटात आहे. कोणाला बघायची असेल तर फ्लॅटवर या, पण नावं वाचून दाखवणार नाही. त्या वहीत बहात्तर-त्र्याहत्तरची कितीतरी खाती अशी आहेत की ज्यांत जमा बाजूला काहीच नाही. कोणी मुंबईला गेलं ते गेलंच. कोणी वारलं. त्या खात्यांवर पेन्सिलीनं एक आडवी रेघ मारलेली आहे. आमच्या बँकेत याला निर्लेखन म्हणतात. त्याला शाखेचा अहवाल लागतो, विभागीय कार्यालयाची शिफारस लागते, बोर्डाची मंजुरी लागते. शेटजींना एक पेन्सिल पुरली होती. आणि रेघ मारलेल्यांपैकी दोन घरांतली मंडळी मला माहीत आहेत. त्यांना शेवटपर्यंत पत्ता नव्हता.

बरं, आता जरा हसू या. हाटेलांकडे वळतो.

गावात चहाची हाटेलं तीन-चार. त्यांत एस.टी.च्या थांब्याजवळचं चाचांचं हाटेल मोठं. मोठं म्हणजे चार बाकडी. चाचा मूळ खुलताबादचे, बोली सगळी दखनी. कोणी हिशेब विचारला की म्हणायचे, “पहले चाय तो पिओ मियाँ, हिसाब कहाँ भागा जारा?” सकाळी भजी, दुपारी शिळी भजी पुन्हा तळून. ती जास्त खपायची. भिंतीवर एका बाजूला मक्केचं चित्र, दुसऱ्या बाजूला घृष्णेश्वराचं. श्रावणी सोमवारी गावात पाय ठेवायला जागा नसायची. चाचा त्या दिवशी कांद्याची भजी करायचे नाहीत, बटाट्याची करायचे. त्यांना तसं कोणी सांगितलं नव्हतं.

हॉटेल कैलास लेण्यांच्या समोर होतं आणि आहे. पण ते आमच्यासाठी नव्हतं, ते परदेशी पाहुण्यांसाठी. आम्ही पोरं कुंपणाच्या बाहेर उभं राहून गोरी माणसं काट्याचमच्यानं टोस्ट कसा खातात ते बघायचो. टोस्ट हातानं खायचा पदार्थ असताना एवढा खटाटोप कशाला, हा प्रश्न मला आजही पडतो.

आता माझ्या घरातलं दुकान. दुष्काळानंतर वडिलांनी शेतमजुरी सोडली आणि लेण्यांजवळ एक लाकडी पेटी मांडली. पेटी म्हणजे पानपट्टीएवढी. तिच्यात पोस्टकार्डांचे जोड, नकाशे, आणि वरच्या फळीवर कॅमेऱ्याचे रोल. आजच्या मुलांना रोल म्हणजे खायचा वाटेल. तो रोल नव्हे. उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचा ‘इंदू’ काळा-पांढरा, नंतर कोडॅक, कोनिका रंगीत. घरगुती माणसाकडे आग्फाचा ‘क्लिक थ्री’, पुढे हॉटशॉट. रोल उन्हानं खराब होतो, म्हणून वडील पेटीवर ओलं गोणपाट टाकायचे. दिवसातून चारदा ते भिजवायचं काम माझं. गिऱ्हाईकाला कॅमेऱ्यात रोल भरता आला नाही तर वडील काळ्या पिशवीत हात घालून भरून द्यायचे. इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण ‘थर्टी सिक्स फोटो, स्लोली, स्लोली’ एवढं फाडफाड बोलायचे.

लेण्यांत उजेड नसायचा. मग काही माणसं बाहेर उन्हात चकचकीत पत्र्याचा फलक धरून उजेड आत फेकायची. त्या उजेडात बुद्धाचा चेहरा एकदम दिसायचा आणि ढग आला की जायचा. शेजारच्या पेट्यांवर दगड विकायला असायचे. इथल्या खाणींत, विहिरींत सापडणारे पांढरे, हिरवट स्फटिक. आम्ही त्यांना नुसतं ‘गारा’ म्हणायचो. जपानी पाहुणे ते हातात घेऊन लहान मुलासारखे खूश व्हायचे.

१९८३ साली युनेस्कोनं लेण्यांना जागतिक वारसा ठरवलं आणि गर्दी वाढली. पेटीवर आमचं घर चाललं, माझ्या दोन बहिणींची लग्नं झाली, मी कॉलेज केलं होतं तेही याच पैशावर. मंगळवारी लेणी बंद असतात. आमच्या घरात मंगळवार हा रविवार होता. त्या दिवशी वडील दाढी करायचे आणि आईला घेऊन भद्रा मारुतीला जायचे.

मग डिजिटल कॅमेरा आला, मागोमाग मोबाईल आला. रोल कोणी विचारेना. वडील काही काळ पेटीत पाण्याच्या बाटल्या ठेवायचे, टोप्या ठेवायचे. २०१२ साली अमेरिकेत कोडॅक कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला, ती बातमी मी त्यांना पेपरातून वाचून दाखवली. ते म्हणाले, “एवढ्या मोठ्या शेटचं झालं का असं? मग आपलं काय घेऊन बसलास!” त्यांना खरोखर बरं वाटलं होतं. पेटी आता गावात भावाच्या गोठ्यात आहे, तिच्यात सरकी ठेवतो.

शहराकडे येतो, नाहीतर सचिव घड्याळ दाखवतील.

लग्नाचा बस्ता बांधायला गुलमंडी. दुसरीकडे कोणी जायचंच नाही. सुपारी हनुमानाला नमस्कार करायचा आणि एकदा दुकानात पांढऱ्या गादीवर बसलं की चार तास. दुकानदार आधी पाणी, मग चहा, मग साड्या. पैठण गेट, मछली खडक, सराफा, सिटी चौक अशी चक्कर झाली की बायकांना औरंगपुऱ्यात बसवून पुरुष मंडळी ‘जरा येतो’ म्हणून नाहीशी व्हायची. ती कुठे नान-खलिया खायला जायची हे बायकांना माहीत असायचं. तुघलकाच्या फौजेबरोबर हा पदार्थ इकडे आला असं सांगतात. परत येताना तोंडाला लवंग आणि हातात गुलमंडीवरची इमरती. इमरती हा दंड होता!

तासावर सायकल देणारी दुकानं गेली. कॅसेटमध्ये आपल्या यादीप्रमाणे गाणी भरून देणारी दुकानं गेली. पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ तर आले कधी आणि गेले कधी कळलंच नाही. त्यांच्याबद्दल मला फारसं वाईट वाटत नाही, खरं सांगतो. रात्री अकरानंतर दर कमी होतो म्हणून थंडीत रांगेत उभं राहणं ही काही जपून ठेवायची गोष्ट नव्हे.

पण स्कूटरचं सांगतो. आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी काचेची शोरूम आहेत, आत गेलं की कॉफी देतात, संध्याकाळी गाडी घरी. तेव्हा परवाना राज्य होतं. स्कूटर कोणाला किती द्यायची यावर सरकारचा १९६०चा नियंत्रण हुकूम होता. माझ्या मामांनी १९७९ साली चेतकसाठी अनामत भरली. ते तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, लग्न व्हायचं होतं. सोयरिकीत मुलाची माहिती सांगताना ‘शिक्षक, दोन एकर बागायत आणि चेतकचा नंबर लावलेला आहे’ असं सांगितलं होतं! लग्न झालं, दोन मुलं झाली. मामा दर सुट्टीत शोरूमला जायचे. शोरूम म्हणजे एक टेबल, एक कपाट, भिंतीवर खडूनं लिहिलेला नंबर आणि एकच स्कूटर, तीही दुसऱ्या कोणाची तरी. ते फळ्यावरचा नंबर बघायचे, आपल्या पावतीवरचा बघायचे, त्या स्कूटरच्या सीटवर हात फिरवायचे आणि एस.टी.नं परत यायचे. मधल्या काळात लोक ‘ऑन’ देऊन गाडी घ्यायचे. मामा म्हणाले, मास्तर माणसानं ऑन द्यायचा नाही.

१९८५ साली वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. गावातली पोरं तिथं कामाला लागली. मामांचे विद्यार्थी स्कूटरच्या कारखान्यात पगार घेऊ लागले आणि मामा पायी शाळेत! शेवटी १९८६च्या दिवाळीच्या सुमारास नंबर लागला. सात वर्षांनी. मी आणि मामा आणायला गेलो. दोघांनाही चालवता येत नव्हती. शोरूमचा मेकॅनिक दौलताबादपर्यंत चालवत आला. तिथून पुढे घाटात मामांनी धीर केला, मी मागे बसून सगळ्या देवांची नावं घेत होतो. खुलताबादला भद्रा मारुतीला नारळ, वेरूळला घृष्णेश्वराला नारळ. चाचांनी हाटेलातून बाहेर येऊन स्कूटरभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, “मास्टर, जवानी में बुक करे थे, बुढ़ापे में आई. मगर आई ना!” त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत.

याच शहरात ऑक्टोबर २०१० मध्ये उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या. साधारण पासष्ट कोटींची खरेदी, स्टेट बँकेचं कर्ज. देशभर बातम्या झाल्या. मी बँकेतला माणूस, मला अभिमान वाटला. मामांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, “नंबर किती वर्षांनी लागला?”

चेतकचं उत्पादन पुढे थांबलं. आता त्याच नावाची विजेवरची आली आहे, आपल्या पार्किंगमध्ये दोन उभ्या आहेत. आवाज येत नाही आणि सुरू करायला तिरकी करावी लागत नाही. मामांना ती स्कूटर वाटत नाही.

आता आपल्या सोसायटीचं. पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा वाळूजचे कामगार, चिकलठाण्याचे, शाळेचे, बँकेचे, सगळे नवेच. एकमेकांची नावं माहीत नव्हती. तळमजल्याला सहा गाळे होते. किराणा, पिठाची गिरणी, झेरॉक्स आणि एस.टी.डी., शिंपी, इस्त्रीवाले आणि एक वाचनालय, जिथं दिवाळी अंक भाड्यानं मिळायचे. आपली ओळख कुठे झाली? मीटिंगमध्ये नाही झाली, मीटिंगमध्ये भांडणं झाली. ओळख गिरणीसमोर झाली. डबा ठेवायचा, नंबर लावायचा, तोवर बोलायचं. माझ्या सुनेची सोयरीक त्या गिरणीसमोर ठरली आहे, समोर दुसऱ्या रांगेत बसलेल्या वहिनी साक्षीला आहेत.

सहापैकी आज दोन गाळे चालू आहेत, किराणा आणि गिरणी. पुनर्विकासाचा जो प्रस्ताव आलाय त्यात गाळ्यांच्या जागी पार्किंग दाखवलं आहे. पार्किंगची अडचण खरी आहे, मी नाकारत नाही. एका घरात तीन गाड्या झाल्या आहेत. गिरणीनं भिंत हादरते ही पहिल्या मजल्याची तक्रारही खरी आहे. त्यावर मशीनखाली रबराचा जाड थर टाकता येतो, मी चौकशी केली आहे, खर्चाचा कागद सचिवांकडे दिला आहे. पार्किंगसाठी मागच्या मोकळ्या पट्ट्याचा नकाशा काढून बघावा, एवढीच मागणी आहे.

कारण मला २०२० आठवतं. मार्चमध्ये सगळं बंद झालं. मोठे मॉल बंद, ऑनलाइनवाले ‘सध्या सेवा उपलब्ध नाही’. तेव्हा आपले किराणावाले भाऊ रोज गेटवर चिठ्ठ्या घ्यायचे आणि संध्याकाळी पिशव्यांवर फ्लॅट नंबर टाकून ठेवायचे. त्या काळात आपल्या इमारतीतली काही घरं बिनपगारी होती. कोणती ते मला माहीत नाही आणि भाऊंनी सांगितलंही नाही. मी त्यांना मागच्या महिन्यात विचारलं, “भाऊ, तेव्हाची उधारी आली का सगळी?” ते वजन करता करता म्हणाले, “काका, तुमची काही नाही. बाकीचं तुम्ही कशाला विचारता?” वही त्यांनी गल्ल्याखाली सरकवली. आमच्या शेटजींसारखीच, फक्त लाल कापडाऐवजी प्लास्टिकचं कव्हर.

तर वार्षिक सभेत हा विषय येईल तेव्हा माझा हात कोणत्या बाजूला वर जाईल हे तुम्हाला कळलं असेल. ज्यांचा दुसऱ्या बाजूला जाईल त्यांच्याशी माझं भांडण नाही. त्यांनी एकदा खाली येऊन डबा घेऊन रांगेत उभं राहावं, मग बोलू.

सचिव साहेब आता खरंच घड्याळ दाखवतायत. आणि आजच्या पंगतीच्या पोळ्यांची कणीक सकाळी पाच वाजता आपल्याच गिरणीत दळली आहे, ती गार व्हायला नको. बसा सगळे.